हिंदीत उत्तर देणारा प्रबोध

प्रबोध मेश्रामच्या घराची बेल वाजवली की दार लगेच उघडायचं नाही. आधी दाराच्या भिंगातून बघून आतून घोषणा व्हायची.

"तो जनाब, दिल थाम के बैठिए! तशरीफ़ ला रही हैं सामनेवाली जगताप काकू! हाथ में स्टील का डिब्बा है, और डिब्बे में क्या है, ये बताएँगे हम एक छोटे से ब्रेक के बाद!"

आणि खरंच ब्रेक घ्यायचा हो! मी दाराबाहेर गरम डबा पदराने धरून उभी, आणि आत हा पठ्ठ्या स्वतःच रचलेली कसल्याशा दंतमंजनाची जाहिरात चालीवर म्हणतोय. ती संपली की दार उघडणार, कमरेत वाकणार, हात कपाळाला लावणार आणि म्हणणार, "मुलाहिज़ा हो, काकू!" मुलाहिजा म्हणजे दर्शन, आणि तेही बैठकीतल्या पसाऱ्याचं.

हा थाट एकट्या माझ्यासाठी नव्हता. दूधवाला, मीटर बघायला येणारा, सोसायटीची वर्गणी मागणारे गुप्ताजी, सगळ्यांची वर्दी अशीच जायची. एकदा एका कुरिअरवाल्याची त्याने एवढी तारीफ केली, की तो बिचारा लाजून, उलट सलाम करून, पार्सल हातात घेऊन तसाच जिना उतरून गेला.

आणि ही वर्दी ऐकायला घरात माणूस कोण? एकच. खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत बसलेले त्याचे वडील. ते पान उलटायचे. बस्स.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमचे हे फौजेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले, शेवटचं पोस्टिंग लखनौचं, म्हणून तेलीबागेत फ्लॅट घेऊन इथेच राहिलो. समोरच्या दारावर मराठी नावाची पाटी दिसली तेव्हा मला इतका आनंद झाला, की ट्रकमधलं सामान उतरवायचं सोडून मी आधी बेल दाबली. मेश्रामसाहेब भंडाऱ्याकडचे. टेलिफोन खात्यात लाइनवर खांब चढण्यापासून सुरुवात करून अधिकारी होऊन निवृत्त झालेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि हा एकुलता एक मुलगा.

त्या पहिल्या दिवशी मी मराठीत बोलले, मेश्रामसाहेब मराठीत बोलले आणि प्रबोध हिंदीत बोलला. मी म्हटलं, लाजत असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मराठी समजते ना रे तुला?"

"समझते हैं काकू, एक-एक लफ़्ज़ समझते हैं."

"मग बोलत का नाहीस?"

"आप इतनी अच्छी बोलती हैं, हम बीच में क्यों ख़राब करें?"

आमची स्वतःची मराठी तरी कुठे धड राहिली होती! आमच्याकडेही सब्जी 'बनत' होती आणि कपडे 'सुकवायला टाकत' होतो. पण आम्ही बोलत होतो. हा मात्र एक शब्द मराठीत काढायचा नाही. वडिलांशीही नाही. मेश्रामसाहेब विचारणार, "जेवलास का?" हा म्हणणार, "जी जनाब, खा लिया." वडिलांना तो जनाबच म्हणायचा. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची. मलाही वाटायची.

मेश्रामसाहेबांना वाटत होती असं काही दिसलं नाही. एकदा ते मला म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर लोकांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवलं. आता घरातच लाइन लागत नाही." हे म्हणताना ते हसले नाहीत. बूट पुसत होते, ते पुसत राहिले.

दर रविवारी ते बुद्धविहारात जायचे. तिथे आपली बरीच मराठी माणसं यायची. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी विमा कंपनीत. तिथेही प्रबोधबद्दल बोललं जायचं. "एवढं नाव कमावलेला पोरगा, पण आपल्या भाषेची लाज." दर वर्षी एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम जवळ आला की कोणीतरी म्हणायचं, मेश्रामसाहेब, यंदा तुमच्या मुलाला बोलवू या, दहा मिनिटं हसवू दे आपल्या लोकांना मराठीतून. साहेब घरी येऊन निरोप द्यायचे. प्रबोध म्हणायचा, "जनाब, उस दिन कानपुर में शो है." दर वर्षी त्याच दिवशी कानपूरला शो.

नाव मात्र त्याने खरंच कमावलं होतं. कॉलेजात असताना अमीनाबादेत एका साड्यांच्या दुकानासमोर स्टुलावर उभा राहून तो माइकवर सेलची हाकाटी करायचा. मालकाने ठेवला होता गिऱ्हाईक आत आणायला. पण लोक आत जाईनात, स्टुलाभोवतीच खोळंबून ऐकत उभे राहायला लागले. रिक्षा अडल्या, शेजारचे दुकानदार भांडायला आले, मालकाने त्याला काढून टाकलं. त्या गर्दीतल्याच कोणीतरी त्याला लग्नाच्या स्वागत समारंभात माइक धरायला नेलं. तिथून तो शहरातल्या एका एफएम रेडिओवर गेला. तिथे त्याने नाव घेतलं बाँके. सकाळचा कार्यक्रम, 'चाय ठंडी हो रही है'. चारबागच्या रिक्षावाल्यांपासून गोमतीनगरच्या डॉक्टरणींपर्यंत सगळं शहर त्याच्या आवाजावर दात घासायचं. आमचे हे सुद्धा. दाढी करताना हसू आलं की हनुवटीला कापायचं, आणि शिव्या बाँकेला पडायच्या.

मग आला तो स्टँडअप. कॅफेत, हॉलमध्ये, एकट्याने उभं राहून लोकांना हसवायचं. त्यासाठीचे विनोद तो आधी माझ्या स्वयंपाकघरात तपासून बघायचा. का, तर "काकू, आप बड़ी मुश्किल ग्राहक हैं." मी पोहे परतत असायची. हा यायचा, झाऱ्याचा माइक करायचा आणि फ्रिजचं दार उघडून त्या दिव्याच्या उजेडात उभा राहायचा. स्टेजवर असल्यासारखं वाटतं म्हणे. मी ओरडायची, "अरे, दूध नासेल!" तो म्हणायचा, "काकू, कला के लिए एक लीटर दूध क़ुर्बान नहीं कर सकतीं?"

माझ्या हसण्याचेही त्याने प्रकार पाडले होते. नाकातलं, दातांचं आणि पोटातलं. नाकातलं तो धरायचाच नाही. "ये तो आप तमीज़ में हँसी हैं," म्हणायचा. दातांचं म्हणजे विनोदावर अजून काम करायला हवं. पोटातलं आलं की झारा खाली ठेवून, फ्रिज बंद करून, पोहे न खाताच निघून जायचा.

एक पोटातलं मला आठवतं. लखनौमध्ये पत्ता विचारला तर 'माहीत नाही' म्हणणं ही बेअदबी, म्हणून माहीत नसलेला माणूसही सांगतोच. तो म्हणाला, "मी एकदा एका बुजुर्गांना चारबागचा रस्ता विचारला. त्यांनी इतक्या प्रेमाने चुकीचा सांगितला, की पुढे मला खरा रस्ता सापडला तेव्हा त्यांना दगा दिल्यासारखं वाटलं." हे अर्थात हिंदीत.

मेश्रामसाहेबांनी त्याचा एकही शो पाहिला नव्हता. रेडिओ ऐकता का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सकाळी मला कामं असतात." निवृत्त माणसाला सकाळी कसली कामं, हे मी विचारलं नाही.

ती हिवाळ्यातली एक सकाळ होती. दाट धुकं पडलेलं. मी मेथीचे पराठे घेऊन गेले. प्रबोध रेडिओवर गेलेला असणार, त्यामुळे घोषणा नव्हतीच. बेल दोनदा वाजवली. दार उघडेना. आतून मात्र प्रबोधचा आवाज येत होता. मी दार ढकललं, ते नुसतं लोटलेलं होतं.

मेश्रामसाहेब पलंगाशेजारी खाली पडले होते. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात निर्जीव. उशाशी छोटा रेडिओ बारीक आवाजात चालू, आणि त्यातून प्रबोध शहराला विचारत होता, रजईतून पहिला पाय कोणता बाहेर काढलात?

मी ओरडले. आमचे हे अर्ध्या दाढीने धावत आले. गुप्ताजींची गाडी काढली, दोघांनी साहेबांना उचलून नेलं. मी प्रबोधला फोन लावत राहिले. तो बंद. कार्यक्रम चालू असताना बंदच ठेवायचा. मग मला सुचलं, गाण्याच्या फर्माइशीचा नंबर हा रोज सांगतो. तो फिरवला. एका मुलीने उचलला.

"गुड मॉर्निंग लखनऊ! जी आंटी, कौन सा गाना सुनेंगी?"

"गाना नहीं चाहिए, बेटा. प्रबोधला सांग... बाँके को बोलो, पापा की तबियत..."

"अच्छा, पापा के लिए गाना! सो स्वीट आंटी! नाम क्या है पापा का?"

तिला समजेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी समजलं. फोन ठेवला आणि मी त्या पलंगावर बसून रेडिओ ऐकत राहिले. दुसरं काय करणार होते? जरा वेळाने प्रबोध बोलता बोलता थांबला. रेडिओवर असा थांबलेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. मग त्याच नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तो साहेबान, आज अपनी चाय आप लोग ख़ुद गरम कर लीजिए. हम ज़रा घर हो आएँ." आणि गाणं लागलं. शहराला काही कळलंही नसेल.

मी इस्पितळात पोचले तेव्हा तो तिथे आधीच होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, जिवाला धोका टळलाय. पण बोलण्याचं काय होईल ते आत्ताच सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. बोलत राहा त्यांच्याशी.

प्रबोध बोलत राहिला. "जनाब! ओ जनाब! देखिए तो कौन आया है!" साहेब छताकडे पाहत होते. त्याने आवाज बदलले, लाडीगोडी लावली, डॉक्टरांची नक्कल केली. शेजारच्या खाटेवरचा आजारी माणूस हसला. साहेबांची पापणीही हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. नर्सने हिंदीत हात हलवायला सांगितलं, तर त्यांनी वैतागून मान फिरवली. मी मात्र "मेश्रामसाहेब, पाणी देऊ का?" म्हटलं, तर डोळे माझ्याकडे वळले.

तिथल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी ते बघितलं. त्या म्हणाल्या, अशा आजारात कधी कधी नंतर शिकलेली भाषा मागे पडते आणि लहानपणची तेवढी हाताशी राहते. "आप लोग घर में जो बोलते हैं, वही बोलिए इनसे." आणि प्रबोधकडे बघून म्हणाल्या, "आप बेटे हैं ना? आप बोलिए."

प्रबोध पांघरूण सारखं करत राहिला.

मी म्हटलं, "अरे, बोल की! एकदा मराठीत बोल बापाशी. आता कसली लाज धरतोस?"

तो खाटेजवळ गेला. तोंड उघडलं. "ब..." म्हणाला आणि थांबला. मला वाटलं, रडू आलं असेल. पण रडू नव्हतं. त्याचे ओठ एकमेकांवर दाबले गेले होते ते सुटत नव्हते. मानेच्या शिरा फुगल्या. डोळे घट्ट मिटले. एक पाय जमिनीवर आपटायला लागला. "ब... ब... ब..." साऱ्या शहराशी न थांबता बोलणारा हा माणूस एका अक्षरापुढे घामाघूम होऊन उभा होता. मला बघवेना. मग तो शब्द कसाबसा फुटला.

"बाबा."

साहेबांनी मान वळवली. त्याच्याकडे पाहिलं. आणि चांगला असलेला डावा हात पांघरुणातून बाहेर काढला.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर त्याने मला सगळं सांगितलं. लहानपणी तो फार अडखळायचा. सुट्टीत भंडाऱ्याला गावी गेला की चुलतभावंडं त्याची नक्कल करायची, मोठी माणसं हसायची. वडील चिडायचे, "नीट बोल!" मग आणखी अडायचं. लखनौच्या शाळेत आला तेव्हा त्याला कळलं की हिंदीत अडत नाही. का ते त्याला माहीत नव्हतं. "वहाँ हमें कोई जानता नहीं था, काकू. नई ज़बान थी, उसमें कोई हँसा नहीं था अब तक." आई होती तोवर ती दोघांच्या मध्ये होती. वडिलांचं मराठी त्याच्याकडे आणि त्याचं हिंदी वडिलांकडे पोचवायची. ती गेली आणि मग तो फक्त हिंदीत राहिला. वडिलांना वाटलं, मुलाचं अडखळणं गेलं, तो मोठा झाला, आणि आता लाजेने आपल्या भाषेत बोलत नाही.

"बाँके बोल लेते हैं, बिजली बोल लेते हैं, बाराबंकी बोल लेते हैं," तो म्हणाला. "बस वो एक लफ़्ज़ नहीं निकलता. इसलिए जनाब."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

साहेब घरी आले. औषधं, मालिश, व्यायाम. चालायला लागले, आधी भिंतीला धरून, मग काठीने. बोलणंही येत गेलं, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा तसा. आणि जे निघत होतं ते त्यांचं एरवीचं प्रमाण मराठी नव्हतं, थेट गावाकडचं होतं. "मले नको." "कायले?" "भात कच्चा हाय." समोर प्रबोध. त्याचं मराठी पाचवीत असताना थांबलेलं, तेही गावचंच. चाळिशीला आलेला, दाढी पिकू लागलेला माणूस वडिलांना सांगायचा, "मले भ... भूक लागली." मी एकदा आमटी द्यायला गेले तर दोघं टेबलाशी समोरासमोर. वडिलांना शब्द सापडत नव्हता, मुलाचा सुटत नव्हता, आणि मध्ये वरण निवत होतं.

त्या दिवशी प्रबोध काहीतरी सांगायला गेला आणि फार अडला. इतका अडला की ताटावरून उठायला लागला. "छोड़िए," म्हणाला. साहेबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. जोडून जोडून वाक्य केलं.

"साव... सावकास बोल. मले कुठं... जाचं हाय?"

तो खाली बसला. मी आमटी ओट्यावर ठेवली आणि दार ओढून घेऊन माझ्या घरी आले.

मार्च संपताना साहेब मला म्हणाले, "वहिनी, यंदा... हा बोलंल. विहारात." प्रबोध शेजारीच उभा होता. मला वाटलं, कानपूर निघणार. नाही निघालं. रेडिओवरच्या त्याच्या दोस्ताने त्याला वेड्यात काढलं. आजकाल सगळ्यांच्या हातात फोन असतात, कोणी अडखळतानाचा व्हिडिओ काढून टाकला तर? बाँकेचा आवाज म्हणजेच बाँके. उद्या लोक त्या आवाजावर विश्वास ठेवतील का? त्याचंही खोटं नव्हतं. प्रबोधने आठवडाभर फ्रिज उघडला नाही, झारा धरला नाही. नुसता येऊन बसायचा आणि पोहे चिवडायचा.

कार्यक्रम संध्याकाळी होता. विहाराच्या अंगणात मांडव, निळ्या पताका, लहान मुलांची भाषणं झालेली. पहिल्या रांगेत कडेला मेश्रामसाहेब, काठी गुडघ्यांत, बूट चकचकीत. आम्ही दोघं त्यांच्या मागे. आमचे हे कधीच फौजी बैठक सोडत नाहीत, पण त्या दिवशी खुर्चीच्या टोकावर आले होते.

प्रबोध माइकपुढे आला. "जय भीम," म्हणाला. ते सरळ आलं. लोकांनी जोरात उत्तर दिलं. मग म्हणाला, "माहे ब..."

आणि अडला.

ओठ दाबलेले, पाय आपटायला लागलेला. लोकांना आधी वाटलं, नक्कल करतोय. मग कळलं, नाही. बायका खाली बघायला लागल्या. एका तरुणाने फोन वर धरला होता, तो त्याने हळूच खाली घेतला. पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकाबाईंना राहवेना. त्या म्हणाल्या, "बंधूंनो?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "बहिणींनो?" मागून कोणीतरी ओरडलं, "बाबा?"

प्रबोधने हात वर केला.

"थ... थांबा! शब्द माहा हाय. म... मीच आनतो!"

आणि मग अख्खा मांडव हसला. त्याच्यावर नाही. मला तो फरक कळतो. इतकी वर्षं त्याने माझं हसणं तपासलंय.

मग तो सुटला. म्हणजे अडतच होता, पण आता अडण्याला घाई नव्हती. म्हणाला, "माही मराठी अजून पाचवीत हाय. चुकली त मारू नका." मग गावचा किस्सा सांगितला. चुलतभाऊ शेतात उभा आणि मागून बैल उधळलेला. "मी ओरडलो, ब... ब... ब! थो म्हने, काय? बस? बटाटा? बादली? बैल आला, त्याले उचललं, शेनात ठेवलं आन् निंगून गेला. तवा माह्या तोंडून निंगालं, बैल!" शिक्षिकाबाई पदरात तोंड खुपसून हसत होत्या. आमचे हे मांडीवर थापा मारत होते. मी पुढे वाकून साहेबांकडे पाहिलं. त्यांचं अर्धं तोंड हसत होतं. दुसऱ्या अर्ध्याला अजून जमत नव्हतं, पण डोळे दोन्ही वाहत होते.

नंतर एका म्हाताऱ्या बाईंनी गर्दीतून वाट काढत येऊन त्याच्या गालावर हात फिरवला. "कोनाचा रे तू?"

"म... मेश्रामाचा," तो म्हणाला.

व्हिडिओ निघालाच. दोन दिवस फिरला. रेडिओवाल्यांचे फोन आले, आणि आम्हाला वाटलं, गेली नोकरी. पण त्यांना सांगायचं एवढंच होतं की फर्माइशीच्या नंबरावर अडखळत बोलणारी माणसं फोन करायला लागली आहेत, आणि फोन उचलणारी ती मुलगी त्यांच्या गाण्याचं नाव पूर्ण होईपर्यंत थांबते. बाकी बाँके जसा होता तसाच राहिला, हिंदीत सुसाट. साहेबांची पुढची तपासणी झाली, डॉक्टर खूश झाले. मी देवापुढे साखर ठेवली.

परवा सकाळी माझ्या गॅसवर चहा होता आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी. आत भांडण लागलं होतं. वरणात टमाटर घालायचं की नाही. साहेबांचं म्हणणं, वरणात टमाटर घालत नसतात. प्रबोधचं म्हणणं, घालतात, लखनौत सगळे घालतात. एकाला शब्द सापडेना, दुसऱ्याचा सुटेना. एक थांबायचा, दुसरा वाट बघायचा. मग दुसरा अडायचा, पहिला वाट बघायचा. मध्ये कोणी कोणाचा शब्द उचलून दिला नाही. दुसऱ्या कोणत्याही घरात चुटकीसरशी मिटलं असतं ते भांडण, त्या दोघांना सकाळभर पुरलं.

माझा चहा उतू गेला. मी मध्ये पडले नाही.